चढाला ऑटोमॅटिक, उताराला मॅन्युअल: कोल्हापूरच्या राडीत आणि घाटमाथ्यावर कोणता गिअरबॉक्स घ्यावा, कसा चालवावा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गगनबावड्याच्या अलीकडे एका धनगरवाड्यावर आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. माझी जुनी मॅन्युअल, भाच्याची नवी ऑटोमॅटिक, दोन्ही फोर बाय फोर. वाट म्हणजे लाल मुरमाची खडी चढण, मधोमध पाण्यानं पाडलेली घळ आणि कडेला शेवाळलेला जांभा. भाच्यानं फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेग पण जास्त जोर देणारी रेंज, टाकला, एक्सलेटरवर हलकेच पाय ठेवला आणि गाडी पहिल्याच दमात वर. मला तीन वेळा करावं लागलं. दुसऱ्या वेळी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली आणि जळक्या क्लचचा वास केबिनभर पसरला. वर वाड्यावर चहा पिताना भाचा म्हणाला, "मामा, आता ही विकून टाका."

उतरताना चित्र पालटलं. माझी गाडी पहिल्या गिअरवर, काठी टेकत उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी एकेक पाऊल टाकत खाली आली. भाच्याची गाडी ब्रेक सोडला की पळायला बघायची, ब्रेक दाबला की चाकं अडकून घसरायची. तो खाली आला तेव्हा त्याच्या तळहातांना घाम सुटला होता. गाडीत दोष काहीच नव्हता. त्यानं लिव्हर 'डी'वर, म्हणजे गाडी स्वतःच गिअर बदलेल अशा जागी, ठेवला होता, पहिला गिअर धरून ठेवला नव्हता. ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती, आणि मीही वर चहा पिताना सांगितली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसापासून मला हा प्रश्न असा दिसतो: मॅन्युअल तुमची चूक चढावर पकडतं, ऑटोमॅटिक उतारावर. कोणता गिअरबॉक्स चांगला, यावर टपरीवर तासन्‌तास वाद घालता येतो. पण तुमची वाट कोणती आणि तुमच्या हातून कोणती चूक जास्त होते, हे पाहिलं की निवड पुष्कळ सोपी होते.

पहिलं काम: स्वतःच्या वाटा लिहून काढा

शोरूमला जाण्याआधी कागद घ्या आणि वर्षभरात गाडी डांबर सोडून कुठं कुठं जाणार ते लिहा. खरोखर जाणार ते लिहा, जावंसं वाटतं ते नको.

आपल्या जिल्ह्यात एकाच दिवसात तीन वेगळ्या जमिनी लागतात. शिरोळ, हातकणंगले आणि पंचगंगेच्या काठाची काळी माती पावसात चाकाला लाडूसारखी चिकटते आणि टायरची नक्षी भरून टाकते. तिथल्या पाणंदीत ऊसतोडीच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड हा चढ-उताराचा मुलूख: लाल माती, मुरूम, जांभ्याचा कातळ, पावसात सगळ्यावर शेवाळ. दक्षिणेला आजरा-चंदगडकडं दोन्हींची सरमिसळ. काळ्या राडीत गाडीचा वेग टिकवावा लागतो, कातळावर गाडी मुंगीच्या चालीनं न्यावी लागते, निसरड्या उतारावर ती धरून ठेवावी लागते. तिन्ही ठिकाणी गिअरबॉक्सकडून वेगळंच काम लागतं.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती पुढं राहून जाते. मसाई पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर वाट सोडून गाडी घालू नका. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यातली फुलं त्यावरच उगवतात. एका गाडीनं पाडलेली चाकोरी वर्षानुवर्षं भरून येत नाही. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं वनखात्यानं ठरवलेल्या वाटेवरूनच आणि परवानगीनंच जायचं. तो गव्यांचा मुलूख आहे, गाडी घोळवायची जागा नव्हे.

गिअरबॉक्सच्या आधी फोर-लो बघा

पुष्कळ लोक ऑटोमॅटिक की मॅन्युअल यात अडकतात आणि गाडीला लो रेंज, म्हणजेच फोर-लो, आहे का हे विचारायचंच राहून जातं. लो रेंज म्हणजे गिअरबॉक्सच्या मागं बसवलेला आणखी एक गिअरांचा संच. तो टाकला की चाकाचा वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात जोर वाढतो. सध्याच्या थारमध्ये हा आकडा २.४८ आहे, जिम्नीत साधारण २. म्हणजे तेच इंजिन, तोच गिअर, पण चाकावर दुप्पट-अडीचपट जोर.

लो रेंज नसलेली गाडी, मग ती चारही चाकांना ताकद देणारी का असेना, खड्या चढावर मॅन्युअल असेल तर क्लच जाळते आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल तापवते. उतारावर तर दोन्ही फक्त ब्रेकच्या भरवशावर. धनगरवाड्याच्या वाटा तुमच्या यादीत असतील तर फोर-लो नसलेल्या गाडीवर हा लेख वाचून उपयोग नाही. शेतापर्यंतच जायचं असेल तर चांगले टायर आणि जमिनीपासूनची उंची पुरते.

आत काय घडतं

मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. ती पूर्ण चिकटली की इंजिन आणि चाक एकाच दोरीत बांधल्यासारखे होतात. चाक ओढलं तर इंजिन फिरतं, इंजिन अडलं तर चाक अडतं. हाफ क्लच म्हणजे ती प्लेट घासत राहणं. चढावर दहा-पंधरा सेकंद घासली की वास येतो.

भरवशाच्या ऑफ-रोड ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये ऑइल. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो, त्यानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांमधला एक छोटा पंखा परतणारं ऑइल वळवून पुन्हा कामाला लावतो. त्यामुळं गाडी जवळजवळ उभी असताना इंजिनाचा जोर साधारण दुप्पट होऊन पुढं जातो. भाच्याची गाडी सहज चढली ती या दुपटीमुळं. इंजिन बंद पडायचं भय नाही, क्लच घासायचा प्रश्न नाही, चाकावर जोर झटक्यानं न येता हळूहळू चढतो, म्हणून निसरड्यावर पकडही सुटत नाही.

पण ही दुप्पट फक्त जाताना मिळते, येताना नाही. उतारावर चाक इंजिनाला ढकलतं तेव्हा मधलं ऑइल सरकतं आणि इंजिनाची अडवणूक ढिली पडते. म्हणून ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग कमी.

जिम्नीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात दोन्ही गिअरबॉक्स मिळतात आणि फरक उघड दिसतो. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२, मागचा अंतिम गिअर ४.०९. तिन्हींचा गुणाकार ३६च्या आसपास. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८७५, अंतिम ४.३, गुणाकार २५च्या थोडा आत. १९५/८० आर १५ टायर धरून हिशेब केला तर हजार आरपीएमला मॅन्युअल ताशी साडेतीन किलोमीटरनं चालते आणि ऑटोमॅटिक, ऑइल सरकलं नाही असं धरलं तरी, सव्वापाच किलोमीटरनं. साडेतीन म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालायची चाल. सव्वापाच म्हणजे एसटी चुकेल म्हणून उचललेलं पाऊल. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. शेवाळलेल्या जांभ्यावरून खाली येताना तोच फरक भीती आणि निवांतपणा यांच्यातला होतो.

चढावर मात्र ऑटोमॅटिकच्या २५ला कन्व्हर्टरची दुप्पट लावा, म्हणजे पहिल्या हालचालीला तिचा जोर मॅन्युअलपेक्षा जास्त निघतो. काही कंपन्या तर ऑटोमॅटिकला इंजिनाचा जोरच जास्त देतात: थार पेट्रोलमध्ये मॅन्युअलला ३०० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकला ३२०, फॉर्च्युनरच्या २.८ डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५००.

सगळी ऑटोमॅटिक एक नव्हेत

विक्रेता 'ऑटोमॅटिक' म्हणतो तेव्हा कोणती ते विचारा. एएमटी ही मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच मशीन दाबतं. खड्या चढावर तीच क्लचप्लेट घासते आणि घासणं तुमच्या पायात नसतं. ड्युएल क्लच डांबरावर झकास, पण मुंगीच्या चालीत तिचे क्लच तापतात. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स, त्याचा पट्टा किंवा साखळी चाकाला बसणारे झटके सोसायला केलेली नाही. डोंगरात जायचं तर टॉर्क कन्व्हर्टरच. थार आणि जिम्नी दोन्हींत तोच आहे, थारमध्ये सहा गिअरचा, जिम्नीत चार गिअरचा. गुरखा मॅन्युअलच येते. जुन्या जिप्सीही सगळ्या मॅन्युअल.

गाडी बघायला जाताना

नवी असो वा जुनी, टेस्ट ड्राइव्ह ताराराणी चौकात फिरवून संपवू नका. वाघबीळमार्गे जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याला न्या. डांबर असलं तरी उतारावर इंजिन किती धरतं ते तिथं कळतं. ऑटोमॅटिक असेल तर उतरताना मॅन्युअल मोडमध्ये (यात गिअर आपण निवडायचा) दुसरा गिअर टाका आणि बघा: गाडी तो गिअर धरून ठेवते, की स्वतःच वरचा घेते? लिव्हरवर 'एल' किंवा '२' असेल तर ते टाकून बघा. मग गाडी चढाच्या मध्यावर थांबवा, ब्रेक सोडा आणि मागं किती येते ते बघा.

गाडी बंद करून आणखी तीन गोष्टी विचारा. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून आपोआप आवरणारी यंत्रणा, बंद करायचं बटण आहे का, कारण राडीत ती इंजिनाचा जोर कापते. मागच्या डिफरन्शियलला लॉक (मागची दोन्ही चाकं बरोबरीनं फिरवणारं) आहे का. ऑटोमॅटिकच्या ऑइलचं तापमान काट्यावर किंवा दिव्यानं दिसतं का.

जुनी मॅन्युअल घेताना क्लच तपासायची सोपी युक्ती आहे. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, इंजिन चालू, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच शाबूत. बंद न पडता नुसतं गुरगुरत राहिलं तर प्लेट गेली, तो खर्च किमतीतून वजा करा. जुन्या ऑटोमॅटिकला 'एन' (न्यूट्रल) वरून 'डी' आणि 'एन'वरून 'आर' (रिव्हर्स) टाका. गिअर बसायला दम लागत असेल, किंवा बसताना धक्का बसत असेल, तर ओळखीच्या मिस्त्रीकडून ऑइलचा रंग आणि वास तपासून घ्या. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि करपलेलं असेल तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

चढ

आधी खाली उतरा आणि चालत वर जाऊन या. वर वाट वळते का, समोरून गाडी किंवा जनावरं येणार का, घळ कुठल्या बाजूला आहे, हे पायानं बघितलेलंच लक्षात राहतं.

फोर-लो चढाच्या पायथ्याला, गाडी थांबवून टाका. मॅन्युअलमध्ये क्लच दाबून, ऑटोमॅटिकमध्ये मुख्य लिव्हर 'एन'वर घेऊन. अर्ध्या चढावर फोर-लो टाकायला जाणं दोन्हींत धोक्याचं, कारण ट्रान्सफर केस, म्हणजे लो रेंजचे गिअर असलेली पेटी, मधल्या न्यूट्रलला असताना चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटलेला असतो. तेव्हा गिअर टाकलेला असो वा लिव्हर 'पी' (पार्क) वर असो, गाडी मागं पळते. हे नीट ध्यानात ठेवा, यावरून अपघात झालेत.

मॅन्युअलवाल्यानं गिअर आधीच ठरवायचा. दगडाळ चढाला पहिला, मातीच्या चढाला बहुधा दुसरा. एकदा क्लच सोडला की चढ संपेपर्यंत डावा पाय पेडलवरून काढून जमिनीवर टेकायचा. मी त्या दिवशी इथंच चुकलो. मध्ये गाडी दमली की पाय आपोआप क्लचकडं जातो आणि हाफ क्लचवर गाडी धरली जाते. फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन इतक्या सहज दमत नाही, त्याला ओढू द्या.

ऑटोमॅटिकवाल्यानं मॅन्युअल मोडमध्ये पहिला किंवा दुसरा धरून ठेवायचा. 'डी'वर ठेवलं तर ऐन चढात वरचा गिअर पडतो, जोर तुटतो. मोठा दगड आला तर डावा पाय ब्रेकवर, उजवा एक्सलेटरवर. ब्रेक हलका धरून थोडी रेस द्या, चाक दगडावर चढलं की ब्रेकनं गाडी तिथंच तोला आणि हळूच पलीकडं उतरवा. गाडी उडी मारत नाही, खालचा चेंबर आपटत नाही. हा डाव्या पायाचा ब्रेक मोकळ्या रानात सवय केल्याशिवाय वापरू नका. मॅन्युअलवरून आलेल्या माणसाचा डावा पाय क्लच समजून ब्रेक पूर्ण दाबतो.

चढ अर्ध्यात फसला तर काय करायचं, हे चढण्याआधी ठरलेलं असावं. मॅन्युअल बंद पडली तर पहिलं पाऊल: ब्रेक, आणि क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. बंद इंजिनसुद्धा गिअरमध्ये असेल तर गाडी धरून ठेवतं. हँडब्रेक ओढा. मग ब्रेक दाबूनच क्लच दाबा, इंजिन चालू करा, रिव्हर्स टाका, हँडब्रेक उतरवा, आणि क्लच सोडत जाल तसा ब्रेकही हलकेच सोडा. गाडी रिव्हर्सच्या जोरावर सावकाश मागं येते. ऑटोमॅटिकचं इंजिन सहसा बंद पडत नाही, म्हणून ब्रेक धरून थेट 'आर' टाकायचा. पण रिव्हर्समध्येही कन्व्हर्टर सरकतो, तेव्हा ब्रेकवर पाय ठेवूनच या. इंजिन बंद पडलंच तर ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते, उगाच पंप करत बसू नका.

दोन्हींत एक नियम सारखाच: मागं येताना स्टीअरिंग सरळ. अर्ध्या चढावर गाडी वळवायला गेलात तर ती आडवी होते आणि आडवी गाडी कलंडते.

उतार

मॅन्युअल सोपी आहे: फोर-लो, पहिला, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. ब्रेकला हलका स्पर्श चालतो, क्लच मात्र अजिबात नाही. उतारावर घाबरून क्लच दाबणं म्हणजे काठी फेकून देणं.

ऑटोमॅटिकला फोर-लो आणि मॅन्युअल मोडमध्ये पहिला, उतार सुरू होण्याआधीच. तरीही ती थोडी पळेल हे धरून चाला आणि सुरुवातच अगदी सावकाश करा. हिल डिसेंट कंट्रोल असेल तर वापरा. ते चारही चाकांचे ब्रेक वेगवेगळे मारतं, तेव्हा खालून खरखर आवाज येतो. त्याला घाबरू नका. लांब उतारावर मात्र ते ब्रेकच तापवत असतं, तेव्हा मध्ये थांबून त्यांना निवू द्या. चाकं अडकून घसरू लागली तर ब्रेक सोडा आणि किंचित रेस द्या, चाक फिरलं की पकड परत येते. निसरड्यावर हे करायला मन धजत नाही, म्हणून आधी सपाटीवर ओल्या गवतात करून बघा.

डांबरी घाटातही हीच सवय लावा. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना कितीतरी ऑटोमॅटिकवाले 'डी'वर ब्रेक दाबत उतरतात. दुसरा-तिसरा गिअर धरून उतरलात तर ब्रेक थंड राहतात, आणि डोंगरात गरज पडेल तेव्हा हात आपोआप त्या लिव्हरकडं जातो. फोर बाय फोर मात्र कोरड्या डांबरावर टाकायची नाही, वळणावर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात.

राड

राडीत थांबला तो रुतला. मॅन्युअलला लो रेंजचा दुसरा किंवा तिसरा, आणि एकदा निघाल्यावर गिअर बदलायचा नाही, कारण क्लच दाबलेल्या त्या क्षणात चिखल गाडी धरून ठेवतो. ऑटोमॅटिक इथं थोडी उजवी, जोर तुटत नाही. फक्त गिअर धरून ठेवा आणि ईएसपी बंद करा. दोन्हींना टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक डोळ्यांना दिसतो. डांबराला लागण्याआधी हवा भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच असू द्या.

ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरू नका. ट्रॅक्टरची मागची चाकं आपल्या गाडीच्या चाकांहून कितीतरी मोठी असतात. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०. चाकोरी त्याहून खोल असेल तर मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं आणि चारही चाकं अधांतरी फिरतात. एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चला. वाटेवर उसाचं ओलं पाचट पडलेलं असेल तर त्यावर ब्रेक मारू नका, ते साबणासारखं आहे.

रुतलातच तर मॅन्युअलला पहिला-रिव्हर्स-पहिला अशी झुलवून काढता येते. ऑटोमॅटिकला तसं करताना चाकं पूर्ण थांबेपर्यंत लिव्हर बदलू नका. चाक एका बाजूला फिरत असताना उलटा गिअर टाकला की आतल्या प्लेटांची राख होते. तीन-चार वेळा करून निघत नसेल तर फावडं काढा. पोटाखालची माती काढणं हे रेस देण्यापेक्षा नेहमी लवकर होतं.

पाणी

वाहतं पाणी बंधाऱ्यावरून जात असेल तर परत फिरा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपलीच देणगी, पण त्यावरून पाणी गेलं की कडा दिसत नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट पाणी मोठी फोर बाय फोरही नेतं. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

संथ ओढ्यात आधी काठी घेऊन चालत जा. थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाणी सांगते, तो आकडा संथ पाण्याचा आणि घट्ट तळाचा आहे. फोर-लो, एकच गिअर, चालत्या माणसाच्या वेगानं, पुढं लाट तयार होईल अशा बेतानं. मॅन्युअलमध्ये पाण्यात क्लच दाबायचा नाही, प्लेटांमध्ये पाणी शिरतं आणि पलीकडं गेल्यावर क्लच घसरतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरून ठेवायचा.

बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून वाळवा. घरी आल्यावर ऑइल बघाच. ऑटोमॅटिकचं लाल ऑइल सोलकढीसारखं गुलाबी-दुधी दिसलं तर पाणी आत गेलंय. गाडी चालू करू नका, टोचन करून न्या. मॅन्युअलचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं तर तेही ताबडतोब बदला, पण ते जरा जास्त सोसतं.

तापणं

मॅन्युअल तापली की नाकाला कळतं. वास आला की थांबा, गाडी न्यूट्रलला ठेवून पंधरा-वीस मिनिटं क्लच निवू द्या. ऑटोमॅटिकचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. तिच्या ऑइलची सुखाची जागा ८०-९० अंशांची, १२० अंशांच्या वर ते झपाट्यानं खराब होतं. दिवा लागला तर थांबा, लिव्हर 'पी' किंवा 'एन'वर ठेवा आणि इंजिन चालूच ठेवा, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहतं. फोर-हायमध्ये, म्हणजे लो रेंज न टाकता फोर बाय फोरवर, चढायला धडपडणं हे ऑइल तापण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. डोंगरात फिरणाऱ्यानं गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीनं सांगितलेल्या अंतराआधीच बदलावं.

मग कोणती घ्यावी

घरात एकापेक्षा जास्त लोक गाडी चालवणार असतील, किंवा तुम्ही फोर बाय फोरला नवे असाल, तर टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घ्या आणि उतार शिका. नव्या माणसाला चढाचा आत्मविश्वास तिच्यानं लवकर येतो. काळ्या राडीतलं शेत हीच मुख्य वाट असेल तरीही ऑटोमॅटिकच. रोज कोल्हापूर-इचलकरंजी करून रविवारी डोंगरात जाणाऱ्याला तर विचारायलाच नको.

वर्षभर खड्या उतारांचं काम असेल, गाडी जिथं जाते तिथून मिस्त्री दूर असेल, किंवा हात मॅन्युअलवर मुरलेला असेल, तर मॅन्युअल. बॅटरी उतरली तर धक्क्यावर चालू होते. क्लचप्लेट उद्यमनगरात कुठंही बदलून मिळते. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स खोलणारा हात शोधावा लागतो आणि खर्चही बराच मोठा येतो. माझ्याकडं अजून मॅन्युअलच आहे. भाचा त्याच्या ऑटोमॅटिकवर आता माझ्याआधी खाली पोचतो, पहिला धरून, ब्रेकला हात न लावता.

घेतल्यावर चार रविवार ओळखीच्या रानात काढा, ऊस तुटून गेल्यावर आणि नांगरटीच्या आधी. पहिला रविवार फक्त फोर-लोमध्ये पेडल न दाबता चालायचा, दुसरा उताराचा, तिसरा फसलेला चढ मुद्दाम फसवून मागं यायचा, चौथा पाणी मारून ओल्या केलेल्या बांधावर. मालकाला विचारून, आणि बांध मोडला तर घालून देऊन.

टोचन करताना

मॅन्युअल फोर बाय फोर ओढायची तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला, गिअर न्यूट्रलला, किल्ली अशी फिरवलेली की स्टीअरिंग लॉक होणार नाही. ऑटोमॅटिक नुसती 'एन'वर ठेवून लांब ओढली तर आतला पंप फिरत नाही, ऑइल मिळत नाही आणि गिअरबॉक्स जळतो. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल आणि कंपनीच्या पुस्तकात तशी परवानगी असेल तरच चार चाकांवर ओढा, नाहीतर ट्रेलरवर घाला. पुढची किंवा मागची दोन चाकं उचलून ओढणं फोर-व्हील गुंतलेली असताना कधीच नको. दोर हुकालाच अडकवा, बंपरला किंवा अॅक्सलला नाही. दोर ताणला जाताना कुणालाही त्याच्या रेषेत उभं राहू देऊ नका, आणि दोराच्या मध्यावर एक ओलं पोतं टाका, म्हणजे दोर तुटला तर तो उसळून काचेकडं न येता खाली पडेल.